लाल पाणी मातीचं की नळाचं?

  आज आपण बोलणार आहोत घरातल्या पाण्याच्या पाइपांबद्दल. हा विषय पुरुषमंडळींचा आणि मिस्त्रीचा, असं आपण धरून चालतो. पण पाणी भरतो आपण, त्याच पाण्यात भात शिजवतो आपण आणि घरात जुलाब लागले की रात्र जागून काढतो आपण. म्हणून पाण्याची वाटही आपल्याला ठाऊक हवी.

सकाळचा पहिला गुंड लाल भरतो, मग पाणी साफ येतं. पांढरी ओढणी पिवळी पडते, भाताला रंग चढतो. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "आपल्याकडची मातीच लोखंडाची आहे." हे खोटं नाही. सुरजागडचा डोंगर लोखंडाचा, लोहारा गावाचं नावच लोखंडावरून. गडचिरोलीत कितीतरी ठिकाणी भूजलातच लोह आहे. पण सगळा दोष मातीवर टाकून चालणार नाही. कधीकधी लाल पाणी जमिनीतून येत नाही, आपल्याच भिंतीत गाडलेल्या पाइपातून येतं. ते कसं ओळखायचं हे कळायला हा पाइप आपल्या घरापर्यंत कसा पोचला, ते आधी पाहू.

राणीनं हेरलेलं पाणी

चंद्रपूर शहराच्या जन्माची एक दंतकथा आहे. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याच्या अंगावर गाठी आणि फोड होते, काही केल्या बरे होत नव्हते. एकदा शिकारीला गेलेला राजा तहानेला झाला. झरपट नदीच्या कोरड्या पात्रात एका खड्ड्यात त्याला पाणी दिसलं. तो पाणी प्यायला, हात-तोंड धुतलं आणि घरी येऊन झोपला. दुसऱ्या दिवशी राणीच्या लक्षात आलं की राजाच्या अंगावरचे फोड बरे झाले आहेत. तिनं खोदून खोदून विचारलं, "काल पाणी कुठं प्यायलात?" मग दोघं तिथं गेले आणि तो झरा सापडला. आजचं अचलेश्वर मंदिर त्याच जागी आहे, असं सांगतात.

ही कथा आहे, इतिहास म्हणून तिच्यावर हात ठेवता येणार नाही. पण तिच्यातली एक गोष्ट आपल्या ओळखीची आहे. पाणी राजा प्यायला, पाण्याचा गुण राणीनं हेरला. अंगावर काय उठलं आणि कशानं गेलं, हे घरातल्या बाईलाच आधी दिसतं.

राजांचे नळ, गावांचे तलाव

गोंड राजांनी चंद्रपूरला परकोट बांधला. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अचलेश्वर ही त्याच्या वेशींची नावं आजही रोजच्या बोलण्यात आहेत. शहरात रामाळा तलाव आहे. या तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळांनी शहरात खेळवलं होतं. म्हणजे नळाचं पाणी आपल्या भागाला नवं नाही. इंग्रज येण्याआधीपासून ते इथं होतं.

महाराष्ट्रात इतरत्रही अशी कामं झाली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरनं आजच्या छत्रपती संभाजीनगरात भूमिगत नहर काढली. तिथं भाजलेल्या मातीचे नळ होते आणि वाटेत उंच मनोरे होते. मनोऱ्यात पाणी वर चढे, कोंडलेली हवा बाहेर पडे आणि पाण्याचा जोर आवरला जाई. अठराव्या शतकात पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचं पाणी पुण्यात आणलं आणि ते हौदांत सोडलं. लोक हौदावर येऊन पाणी भरत.

या जुन्या व्यवस्थांमध्ये दोन गोष्टी सारख्या होत्या. पहिली, पाणी उताराने वाहायचं, मोटार नव्हती, त्यामुळे धार बहुधा चालूच राही. दुसरी, नळ वाड्यापर्यंत किंवा हौदापर्यंत यायचा. तिथून घरापर्यंतचा नळ म्हणजे बाईचं डोकं आणि कंबर.

खेड्यात तर नळच नव्हता. तिथं तलाव होते, बोड्या होत्या, विहिरी होत्या. झाडीपट्टीतल्या तलावांमागे कोहळी समाजाचं कसब आणि गोंड राजांचा आश्रय होता. तलाव बांधणाऱ्याला जमीन द्यायची, अशी रीत होती. पुढे हे तलाव मालगुजारांकडे गेले. 1951 मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले, म्हणून आपण त्यांना मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतो.

विहिरीचा इतिहास सांगताना एक गोष्ट लपवू नये. प्रत्येक विहीर प्रत्येकीची नव्हती. कुणी कुठल्या घाटावर उतरायचं, कुणी कुणाच्या हातानं वरून ओतून घ्यायचं, हे जातीवरून ठरायचं. 1927 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायला सत्याग्रह करावा लागला. आपल्या आज्या-पणज्यांतल्या कितीतरी जणींनी पाण्यासोबत अपमानही वाहून आणला आहे. म्हणून घरात नळ येणं ही नुसती सोय नव्हती. तो मानाचा प्रश्न होता.

लोखंडाचा पाइप आला

मातीचा नळ दाब सहन करत नाही. उंच टाकीतून जोरानं पाणी सोडायचं तर लोखंड हवं. पण लोखंड आणि पाणी एकत्र आलं की गंज आला. त्यावर 1837 मध्ये फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल यांनी एका रीतीचं पेटंट घेतलं. लोखंडाला वितळलेल्या जस्ताचा मुलामा द्यायचा. जस्त आधी स्वतः झिजतं आणि तोवर लोखंडाला राखतं. आपण ज्याला जीआय पाइप म्हणतो, तो हाच.

इथंच गोम आहे. जस्त झिजून राखतं, म्हणजे एक दिवस ते संपतं. किती वर्षांत संपेल, हे पाण्याच्या गुणावर आणि मुलाम्याच्या जाडीवर ठरतं. जस्त गेलं की लोखंड उघडं पडतं. आतून गंजाच्या गाठी धरतात आणि अर्ध्या इंचाच्या पाइपात पेन्सिल जाईल एवढीच वाट उरते. वरून पाइप चांगला दिसतो, आतून संपलेला असतो. नळाची धार बारीक झाली की आपण पंचायतीला बोल लावतो, आणि पुष्कळदा बोळा आपल्याच घरात बसलेला असतो.

बोअरिंगनं शिकवलेली गोष्ट

आपल्या बहुतेक गावांत नळाआधी बोअरिंग, म्हणजे हातपंप आला. त्याच्या घडणीत महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे. पूर्वीचे ओतीव लोखंडाचे पंप एका कुटुंबासाठी बनवलेले होते. अख्खं गाव त्यांवर आलं की ते मोडत. जालन्याच्या मिशनच्या कामातून पोलादी, मजबूत पंप घडला. पुढे सोलापुरात तो सुधारला. 1970 च्या दशकात सरकार आणि युनिसेफ यांच्या मदतीनं त्यातूनच इंडिया मार्क टू हा पंप झाला, तोच आपल्या चौकात उभा आहे. 1972 च्या दुष्काळानं खडकातल्या बोअरची गरज सगळ्यांना पटवली होती.

या पंपाची दांडी आणि सांगाडा टिकला, पण खाली बोअरमध्ये सोडलेला पाइप जीआयचा होता. जिथं पाणी आंबट गुणाचं, तिथं तो लवकर गंजला. लोक म्हणाले, "या बोअरला लाल पाणी लागलं," आणि बोअर सोडून पुन्हा नाल्यावर गेले. जगात ठिकठिकाणी असंच घडल्यावर तपासण्या झाल्या, तेव्हा कळलं की कित्येक पंपांत जमिनीतलं पाणी बरं होतं, लाल रंग पाइपाचा होता.

यातूनच आपल्याला घरच्या घरी करता येणारी परीक्षा मिळते. रात्रभर नळ बंद ठेवा. सकाळी पहिलं पाणी एका पांढऱ्या बाटलीत भरा. दहा मिनिटं पाणी वाहू द्या, ते बादलीत धरून भांड्यांना वापरा. मग दुसरी बाटली भरा. पहिली लाल आणि दुसरी साफ असेल तर संशय पाइपावर. दोन्ही साफ भरल्या, पण ठेवल्यावर काही तासांत दोन्ही पिवळ्या-लाल झाल्या, तर लोह जमिनीतलं आहे. ते आधी पाण्यात विरघळलेलं असतं, हवा लागली की गंजून रंग दाखवतं. दोन्ही कारणं एकाच घरात असू शकतात, म्हणून एक बाटली अंगणातल्या जोडणीजवळ आणि एक सैपाकघरात भरून पाहा.

लंडनची विहीर, फ्लिंटचे नळ

लाल पाणी डोळ्यांना दिसतं, म्हणून त्याची तक्रार तरी होते. न दिसणारं पाणी जास्त घातक. त्याचे दोन धडे जगानं फार मोल देऊन शिकले.

1854 मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात कॉलरा आला. काही दिवसांत शेकडो माणसं गेली. डॉक्टर जॉन स्नो यांनी घराघरांत विचारपूस केली आणि सगळ्यांचा धागा एका हातपंपाला जोडला. त्यांच्या आग्रहावरून त्या पंपाची दांडी काढली गेली. विहिरीत घाण आली कुठून, हे नंतर कळलं. शेजारच्या घरातल्या आजारी बाळाची लंगोटं आईनं धुतली आणि ते पाणी घराच्या मैलाखड्ड्यात ओतलं. त्या खड्ड्याचं विटांचं बांधकाम जुनं होऊन फुटलं होतं आणि विहीर तिथून काही फुटांवर होती. आईचा काही दोष नव्हता, ती तर बाळाची सेवा करत होती. फुटलेलं जुनं बांधकाम कुणी पाहिलं नव्हतं.

दुसरी गोष्ट अलीकडची. अमेरिकेत फ्लिंट नावाचं शहर आहे. 2014 मध्ये तिथं पैसे वाचवण्यासाठी पाण्याचा स्रोत बदलला आणि नदीचं पाणी सुरू केलं. पाण्याचा गुण बदलला तसे जुने शिशाचे आणि लोखंडाचे पाइप आतून झिजू लागले. आया तपकिरी पाण्याच्या बाटल्या घेऊन सभेत गेल्या, पण पाणी सुरक्षित आहे असंच त्यांना सांगितलं जात राहिलं. 2015 मध्ये बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अटिशा यांनी मुलांच्या रक्तातलं शिसं वाढल्याचं दाखवलं, तेव्हा सरकार हललं. शिसं मुलांच्या मेंदूला इजा करतं.

आपल्याकडे शिशाचे पाइप सहसा नाहीत. तरी हा धडा आपलाही आहे. विहिरीवरून नदीच्या योजनेवर गाव गेलं की पाण्याचा गुण बदलतो आणि जुन्या पाइपातला साचलेला गंज सुटू शकतो. नव्या पीव्हीसी पाइपातही पूर्वी शिशाची संयुगं मिसळली जात. त्यावर केंद्र सरकारनं 2021 मध्ये नियम केले. म्हणून नवा पाइप घेतानाही डोळे उघडे ठेवायचे.

नवी लाइन, जुनं घर

15 ऑगस्ट 2019 ला जल जीवन मिशन जाहीर झालं. घरोघरी नळ आणि माणशी रोज 55 लिटर पाणी, असं त्याचं उद्दिष्ट. गल्लीत नवी लाइन आली, अंगणात तोटी आली. पण ज्या घरांत आधीपासून जुने पाइप होते, तिथं नवी लाइन जुन्या जीआयलाच जोडली गेली. दारापर्यंतचं काम पंचायतीचं, दाराच्या आतलं आपलं. त्या आतल्या कामाकडे पाहायला कुणीच नसतं.

आता वर सांगितलेली जुनी गोष्ट आठवा. उताराच्या नळांची धार सहसा तुटत नव्हती. आपल्या नळाला मात्र दिवसातून तास-दोन तास पाणी. उरलेला वेळ पाइप रिकामा असतो. भरलेला पाइप भोकातून पाणी बाहेर टाकतो, रिकामा पाइप त्याच भोकातून बाहेरचं आत ओढतो. पाइप नालीतून किंवा न्हाणीच्या सांडपाण्यातून गेला असेल तर काय आत जातं, ते सांगायला नको. लाइनला थेट टिल्लू पंप लावला की हे ओढणं आणखी वाढतं, आणि ते एकट्या घरापुरतं राहत नाही, शेजारणीच्या घरातही पोचतं. पावसाळ्यात जुलाब, कावीळ, विषमज्वर या वाटेनं येऊ शकतात.

इथं ओटी चाचणी कामी येते. जलसुरक्षक टाकीत ब्लिचिंग टाकतो. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर क्लोरीन उरलं आहे. ही चाचणी अंगणातल्या तोटीवर करा आणि घरातल्या शेवटच्या तोटीवरही करा. बाहेर पिवळं आणि आत पांढरं निघालं तर तुमचाच पाइप क्लोरीन खातो आहे. गंज आणि घाण दोन्ही क्लोरीन संपवतात.

तुकडा बदलायचा की सगळी लाइन?

गळलं तिथं पट्टी गुंडाळायची, फार झालं तर एक तुकडा बदलायचा, ही आपली रीत. हातात पैसा नसतो, तेव्हा ते समजण्यासारखं आहे. पण सगळे पाइप एकाच वेळी टाकलेले असतात आणि एकाच वेळी म्हातारे होतात. एक सांधा घट्ट केला की जोर पुढच्या कमजोर सांध्यावर जातो. जुन्या पाइपाला पान्हा लावून पिळलं की आतला गंज सुटून तोटीत अडकतो. दर वर्षी थोडं थोडं करत शेवटी खर्च जास्तच होतो. म्हणून जमलं तर सगळी लाइन एकदम बदलावी.

तेवढं जमत नसेल तर क्रम ठरवा. आधी अंगणातल्या जोडणीपासून पिण्याच्या पाण्याच्या तोटीपर्यंतचा भाग. त्यातही नाली, न्हाणी, संडासाचा खड्डा यांच्याजवळून जाणारा तुकडा सगळ्यांत आधी. गोठ्याची, कपड्यांची लाइन मागून केली तरी चालेल.

काम काढण्याआधी कागदावर घराचा नकाशा काढा. पाणी कुठून येतं, कुठं वळतं, किती तोट्या, सांडपाणी कुठून जातं. अक्षर येत नसलं तरी रेघा ओढता येतात. पाण्याची लाइन सांडपाण्यापासून दूर आणि वरच्या अंगाला हवी, नालीतून तर कधीच नको. सैपाकघराला वेगळा व्हॉल्व्ह बसवून घ्या, म्हणजे एक तोटी बिघडली तर सगळं घर कोरडं राहत नाही.

पाइप घेताना आयएसआयचा शिक्का पाहा. थंड पाण्याच्या यूपीव्हीसी पाइपावर आयएस 4985, गरम पाणीही चालणाऱ्या सीपीव्हीसीवर आयएस 15778 असा आकडा असतो. सांडपाण्याचा किंवा वायरिंगचा पाइप पिण्याच्या पाण्याला लावू देऊ नका. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 47 अंशांच्या पुढे जातो. उघड्या भिंतीवरचा प्लॅस्टिकचा पाइप उन्हानं ठिसूळ होतो, तो झाकून न्या.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, कारण ते जिवावर बेतणारं आहे. पुष्कळ जुन्या घरांत विजेची अर्थिंगची तार पाण्याच्या लोखंडी पाइपाला बांधलेली असते. पाइप प्लॅस्टिकचा झाला की ती अर्थिंग तुटते. मग कूलर किंवा मोटारीत बिघाड झाला तर शॉक बसतो. म्हणून पाइप काढण्याआधी वायरमनला दाखवा आणि वेगळी अर्थिंग करून घ्या. प्लंबरला हे सांगायची जबाबदारी आपली.

नवी लाइन बसली की लगेच प्लास्टर करू देऊ नका. पाणी भरून, तोट्या बंद करून रात्रभर ठेवा, सकाळी एकेक सांधा हातानं चाचपा. मग पाणी भरपूर सोडून पाइप धुऊन घ्या, टाकी घासून ब्लिचिंगनं स्वच्छ करा. जुनं लोखंड भंगारात जाईल, त्याचे पैसे आपल्या हिशेबात धरा.

एक मात्र ध्यानात ठेवा. पाइप बदलल्यानं जमिनीतलं फ्लोराइड जात नाही. आपल्या जिल्ह्यांत काही गावांत ते आहे. लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोत नसेल तर 1.5 पर्यंतच. त्याहून जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षं पोटात गेलं तर दातांवर डाग पडतात, हाडं आखडतात. फ्लोराइडला रंग नाही, चव नाही, ते फक्त तपासणीत कळतं. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच जणींना तपासणीच्या पेटीचं प्रशिक्षण द्यायचं आहे. आपल्या गावातल्या त्या पाच कोण, हे विचारा. कुणी नसेल तर नावं आपणच सुचवू.

गटात काय बोलायचं

बचत गटात आपण शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी, लग्नासाठी कर्ज मागतो. पाइपासाठी मागताना लाज वाटते, कारण तो भिंतीत जातो, कुणाला दिसत नाही. पण एका काविळीत दवाखान्याचा खर्च किती होतो आणि मजुरीचे किती दिवस बुडतात, हे प्रत्येकीला ठाऊक आहे. चार-पाच घरांनी मिळून काम काढलं तर मिस्त्रीच्या चकरा वाचतात आणि सामानही एकत्र घेता येतं.

ग्रामसभेतही विचारू. गल्लीतली लाइन कुठून गेली आहे, तिचा नकाशा दाखवा. नालीतून गेलेले तुकडे कधी बाहेर काढणार? शेवटच्या घरी ओटी चाचणी कधी झाली? पाणी समितीत बायका आहेत तर त्या बैठकीला असतात, की सहीपुरत्या?

राजांच्या काळात नळ वाड्यापाशी थांबला. इंग्रजांच्या काळात तो शहरात थांबला. आज तो आपल्या अंगणात आला आहे. अंगणापासून माठापर्यंतची वाट राहिली आहे, आणि ती आपल्याच हातातली आहे. येत्या बैठकीला येताना प्रत्येकीनं दोन बाटल्या आणा, एक पहिल्या पाण्याची, एक दहा मिनिटांनंतरची. सगळ्यांच्या बाटल्या ओळीनं मांडू. कुणाच्या घराचं काम आधी काढायचं, ते बाटल्या पाहूनच ठरवू.